गोल्डफिशच्या अंगावर काहीतरी उगवलंय? हौदात औषध ओतण्याआधी ओळख पटवा

थंडी पडायला लागली की अंगणात हौद किंवा छोटं तळं राखणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. कुणाच्या माशाच्या परावर पांढुरका थेंब, कुणाच्या कल्ल्याच्या झाकणावर ठिपके, कुणाच्या पाठीवर गाठ, तर कुणाच्या शेपटीजवळ दोरा लोंबतोय. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "कुठलं औषध टाकू?" आणि विचारेपर्यंत दुकानातून आणलेली निळी किंवा हिरवी बाटली अर्धी रिकामी झालेली असते.

अंगावरच्या गाठीने मासा दगावला असं क्वचितच होतं. चुकीच्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले, पाण्यात अमोनिया चढला आणि त्यात मासे गेले, हे मात्र वारंवार होतं. माशाच्या अंगावर जे उगवतं त्यातलं काही आजारच नसतं, काहींवर औषध अस्तित्वातच नाही, आणि ज्यांवर आहे त्यांचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून हा सगळा लेख मुख्यतः ओळखीचा आहे.

आधी मासा नीट दिसू द्या

हौदाच्या काठावर उभं राहून वरून बघितलं तर प्रत्येक गोष्ट पांढरा ठिपकाच दिसते. मासा बाजूने बघावा लागतो. त्यासाठी जाळी वापरू नका. जाळीच्या दोऱ्याने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि माशाचं पहिलं संरक्षण तोच थर आहे. पांढरा टब तिरका करून पाण्यात बुडवा, मासा त्यात येऊ द्या, मग हौदाच्याच पाण्याने भरलेल्या पारदर्शक बरणीत घ्या. बाजूने टॉर्च मारा आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. फोटो मोठा करून बघितला की अर्धं कोडं तिथेच सुटतं.

बघताना हे विचारा. ती गोष्ट हलते का? तिचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की लवदार? ती दोन्ही बाजूंना सारख्या जागी आहे की कुठेही? एकाच माशावर आहे की सगळ्यांवर? एका रात्रीत आली की महिनोनमहिने वाढतेय? मासा खातोय का, की कोपऱ्यात पर मिटून बसलाय, की हौदाच्या भिंतीला अंग घासतोय? यांची उत्तरं लिहून ठेवा. त्याच दिवशी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजा, दोन्ही शून्य हवेत. पाण्याचं तापमान पहाटे आणि दुपारी असं दोनदा घ्या. हे दोन आकडे पुढे लागणार आहेत.

जे आजारच नाही

सर्वात जास्त औषध ज्या गोष्टीवर वाया जातं ती म्हणजे नराच्या अंगावरचे विणीचे ठिपके. साधारण जानेवारीच्या शेवटापासून पाणी कोमट व्हायला लागलं की नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावर बारीक, कडक, पांढरे दाणे येतात. ते एकसारख्या आकाराचे असतात, परावर तर चक्क ओळीत लागलेले असतात, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना असतात. अंगभर किंवा शेपटीवर नसतात. मासा तगडा असतो, भरपूर खातो, मादीच्या मागे धावतो. याला काहीही करायचं नाही. विणीचा काळ सरला की ठिपके ओसरतात, काही थोराड नरांवर वर्षभरही राहतात.

ओरांडा, लायनहेड किंवा रांचू या जातींचे गोल्डफिश पाळत असाल तर डोक्यावरची मांसल टोपी वयानुसार वाढतच जाते. वाढताना तिच्या खाचांत पांढुरका चिकट पदार्थ साचलेला दिसतो, त्याला बुरशी समजून औषध लावू नका. टोपी डोळ्यांवर उतरून माशाला दिसेनासं झालं तर तेवढा प्रश्न पशुवैद्याचा. काळे डागही असेच घाबरवतात. अमोनियाने पोळलेली किंवा जखम झालेली कातडी भरून येताना गोल्डफिशवर काळे पट्टे उठतात. डाग निरुपद्रवी असतात, पण गेल्या काही आठवड्यांत पाणी बिघडलं होतं याची ती खूण असते, तेव्हा टेस्ट किट बाहेर काढा.

मेण सांडल्यासारख्या गाठी

दरवर्षी थंडीत येणारी आणि होळीच्या सुमारास आपोआप जाणारी तक्रार हीच. परांच्या कडेवर, शेपटीवर, कधी ओठांवर किंवा पाठीवर गुळगुळीत, दुधाळ, किंचित गुलाबी छटेचे उंचवटे येतात. मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसे. त्यांच्यावर लव नसते, कडा स्वच्छ असतात, आजूबाजूची कातडी लाल नसते. ओल्या बोटाने हलकेच चाचपलं तर टणक लागतात आणि निघून येत नाहीत. मासा खातो-पितो, पोहतो, बाकी काहीच बिनसलेलं नसतं.

याला कार्प पॉक्स म्हणतात. नावात पॉक्स असलं तरी तो देवीच्या जातीचा विषाणू नाही, हर्पिस कुळातला आहे. तो मुळात कॉमन कार्प आणि कोई (शोभेचा रंगीत कार्प) यांचा, पण गोल्डफिशवरही तशाच मेणचट गाठी दिसतात. युरोपातल्या कार्पच्या तळ्यांत हा रोग मध्ययुगापासून ठाऊक आहे. हर्पिस कुळातले विषाणू एकदा शरीरात शिरले की कायमचे राहतात, फक्त दबून असतात. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि विषाणू डोकं वर काढतो. पाणी तापलं की शरीर त्याला पुन्हा दाबतं आणि गाठी झडतात.

आता आपल्याकडचं चित्र बघा. पुणे, नाशिक, महाबळेश्वरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते, आणि दुपारी ऊन चटचटीत असतं. दीड-दोन फूट खोलीच्या सिमेंटच्या हौदातलं पाणी रोज वर-खाली होतं. पहाटेचा आणि दुपारचा आकडा घ्यायला सांगितलं ते यासाठी. फरक मोठा निघाला तर गाठी दरवर्षी का येतात याचं बरंचसं उत्तर मिळालं. मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावर पाणी सहसा एवढं थंड होत नाही, तिथे भर उन्हाळ्यात मेणासारखी गाठ दिसली तर कार्प पॉक्सऐवजी दुसरा विचार करा.

यावर औषध नाही. मिथिलीन ब्लू, अँटिबायोटिक, फॉर्मलिन यांपैकी एकाचाही विषाणूवर परिणाम होत नाही. ब्लेडने कापून काढण्याचे सल्लेही मिळतात. कृपा करून ते करू नका. गाठ पुन्हा येतेच, आणि कापलेल्या जागेतून जिवाणू शिरले तर जी गाठ मासा सहज सोसत होता तिच्यापायी तो जातो. करण्यासारखं असं: हौद खोल करता आला तर करा, तीन-चार फूट पाण्यात तापमान बरंच स्थिर राहतं. रात्री हौदाचा निम्मा भाग झाका. थंडीत खाणं कमी करा, आणि थंड नळाचं पाणी एकदम मोठ्या प्रमाणात सोडू नका. बाधित मासा दुसऱ्याच्या हौदात देऊ नका, कारण गाठी गेल्या तरी विषाणू त्याच्यात असतोच.

इंटरनेटवर अशा फोटोंखाली लिम्फोसिस्टिस हे नाव सर्रास दिलेलं असतं. तो रोग वेगळ्या विषाणूचा आहे आणि कार्पच्या कुळाला, म्हणजे गोल्डफिश आणि कोईला, तो होत नाही.

पांढरे ठिपके, पण अंगभर

मिठाचे कण भुरभुरल्यासारखे, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान ठिपके परांवर, शेपटीवर, अंगावर कुठेही विखुरलेले असतील, एकाहून जास्त माशांवर असतील आणि मासे भिंतीला अंग घासत असतील तर तो व्हाइट स्पॉट, म्हणजे इक. हा एकपेशीय परजीवी आहे. ठिपका म्हणजे कातडीच्या आत शिरून खात बसलेला जीव. तिथे त्याच्यावर कुठलंही पाण्यातलं औषध लागू पडत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ती पिल्लं नवीन माशाच्या शोधात निघतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं.

"औषध दिलं, ठिपके गेले, आठवड्याने दुप्पट आले" या तक्रारीचं कारण हेच. ठिपके दिसेनासे झाले तेव्हा ते जीव तळाशी जाऊन त्यांचे तुकडे होत होते, आणि नेमकं तेव्हाच औषध थांबवलं गेलं. २५ अंशांच्या आसपास हे चक्र सुमारे आठवड्याभरात पुरं होतं, थंड पाण्यात त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार किमान आठवडाभर चालू ठेवा, थंडीत त्याहून जास्त.

गोल्डफिशला मीठ चांगलं सोसतं, म्हणून मी इथे मिठापासून सुरुवात करायला सांगेन. आधी हौदात पाणी किती ते काढा: लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणून १००० ने गुणा. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर पाणी असेल तर १८०० लिटर. लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने ३ किलो ६०० ग्रॅम जाडं, काहीही न मिसळलेलं मीठ लागेल. ते तीन भागांत, दीड दिवसात, आधी बादलीत विरघळवून सोडा. मीठ उडून जात नाही. पाणी बदलाल तेवढंच कमी होतं, तेव्हा नुसती बाष्पीभवनाची तूट भरताना पुन्हा मीठ घालू नका. कमळ आणि पाण्यातल्या वनस्पती आधी काढून दुसऱ्या टबात ठेवा. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर तेही काढा, कारण खाऱ्या पाण्यात ते शोषलेला अमोनिया परत सोडतं.

दोरा लोंबतोय

लाल सुजलेल्या ठिपक्यातून पांढरट-हिरवट काडी बाहेर आलेली, सेंटिमीटरभर लांब, आणि टोकाला फाटा फुटून दोन शेपट्या: हा अँकर वर्म. नावात वर्म आहे पण हा किडा नाही, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला जीव आहे. बाहेर दिसते ती मादी, दोन शेपट्या म्हणजे तिच्या अंड्यांच्या पिशव्या. तिचं डोकं जहाजाच्या नांगरासारखं फाटे फुटून माशाच्या मांसात रुतलेलं असतं.

काढता येतो, पण सावकाश. टबाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यावर मासा आडवा घ्या, दुसऱ्या ओल्या फडक्याने डोळे झाका. मासा लगेच शांत होतो. बारीक टोकाच्या चिमट्याने काडी कातडीला अगदी लागून पकडा, टोकाला धरू नका. ज्या दिशेने काडी बाहेर आली आहे त्याच दिशेने, न हिसडता, एकसारखा ताण देत ओढा. सुटताना बारीकसा झटका जाणवतो. निघालेली काडी पांढऱ्या कागदावर ठेवून डोक्याचे फाटे आहेत का बघा. नसतील तर डोकं आत तुटलं, आणि त्याभोवती काही दिवस गाठ राहील. छिद्रावर कापसाच्या काडीने पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावा, कल्ल्याकडे ओघळू देऊ नका, आणि मासा पाण्यात सोडा. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. जमणार नाही असं वाटलं तर दोन जण करा.

दिसणाऱ्या काड्या काढून काम संपत नाही. उबदार पाण्यात अंड्यापासून नवीन मादी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून तेवढ्या अंतराने हा पुन्हा पुन्हा उगवतो. पाण्यातल्या पिल्लांसाठी डायफ्लुबेन्झुरॉन हे औषध वापरतात. ते कवचधारी जीवांची कात टाकण्याची क्रियाच अडवतं, माशाला कवच नसल्याने त्याला इजा होत नाही. ते पशुवैद्याला किंवा मत्स्यतज्ज्ञाला विचारून, मोजून घ्या. हौदात झिंगे, खेकडे असतील तर तेही मरतील. गाईगुरांच्या गोचिडांवरचं औषध थेंब-थेंब टाकायचा जो उपाय शेततळ्यांकडून अंगणात आला आहे, तो कटाक्षाने टाळा. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि छोट्या हौदात मात्रा चुकायला थेंबभर फरक पुरतो.

अंगावर चपटी, पारदर्शक, ५ ते १० मिलिमीटरची चकती चिकटलेली दिसली आणि चिमटा जवळ नेताच ती सरकली, तर ती माशाची ऊ, अर्गुलस. उपाय अँकर वर्मचाच. फक्त ही आपली अंडी भिंतीवर, दगडांवर, कुंड्यांवर ओळीने चिकटवते, म्हणून हौद रिकामा करून घासणं आणि कडक उन्हात वाळवणं हा तिच्यावर फार चांगला उपाय आहे.

कापूस दिसला म्हणजे बुरशीच असं नाही

खंड्याने चोच मारलेल्या किंवा कावळ्याने ओरबाडलेल्या जागी, थंड पाण्यात, लांब तंतूंचा मऊ पुंजका उठला तर ती बहुधा खरी बुरशी, सॅप्रोलेग्निया. ती मेलेल्या पेशींवर वाढते, म्हणून जखम का झाली ते आधी शोधायचं.

तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा आखूड, राखाडी-पिवळट थर असेल, पाणी उबदार असेल आणि मासा काल बरा होता पण आज मलूल आहे, तर तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग. या लेखातली घाई करण्याची एकमेव गोष्ट हीच. एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात तो एक-दोन दिवसांत मासा नेतो. मासा लगेच वेगळ्या टबात घ्या, हवेचा पंप जोरात लावा, पाणी गरम करू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. बुरशीचं औषध यावर चालत नाही, पाणी तापवल्याने रोग उलट भडकतो.

तिसरा प्रकार परांच्या काट्यांच्या टोकावर किंवा डोक्यावर बसलेला पांढुरका ठोंब, एपिस्टायलिस. हा जीव पाण्यातली घाण आणि जिवाणू खातो, मासा त्याला केवळ बसायची जागा. तो दिसला म्हणजे हौदात जास्तीचं खाणं, कुजलेली पानं किंवा निर्माल्य साचलंय. आधी तळ साफ करा.

महिनोनमहिने वाढणारी गाठ

एकाच, वयस्कर माशाच्या अंगावर कातडीखालून वर आलेला गोळा. रंग कधी कातडीचाच, कधी जास्त लाल किंवा काळा. सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोत लहान, आता मोठा. बाकी माशांवर काही नाही. ही अर्बुदं (ट्यूमर) असतात, आणि गोल्डफिशमध्ये ती नवलाची नाहीत. तंतुमय ऊतीच्या, मज्जातंतूंच्या आवरणाच्या आणि रंगपेशींच्या गाठी त्यांच्यात नेहमी नोंदल्या जातात. गोल्डफिश नीट राखला तर दहा-पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो, त्या वयात गाठ येणं हे पाळणाऱ्याचं पाप नव्हे.

ती संसर्गजन्य समजून हौदात औषध टाकण्यात अर्थ नाही. दर महिन्याला त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. मासा पोहतो, खातो आणि गाठीवरची कातडी शाबूत आहे, तोवर त्याला सुखाने राहू द्या. गाठ घासून फुटत असेल, कल्ला किंवा तोंड अडवत असेल तर भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते, आणि ती करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांत मिळतात. घरी, भुलीशिवाय, कात्री लावणं हा निव्वळ छळ आहे. मासा तोल सावरू शकत नाही, खाणं सुटलं आहे, जखम भरतच नाही, अशी अवस्था आली तर त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल पशुवैद्याशी बोला.

पोट एकाच बाजूने फुगलं असेल, किंवा खवले उभे राहून मासा काटेरी दिसत असेल, तर ती गाठ नव्हे. तो मूत्रपिंडाचा किंवा आतल्या संसर्गाचा प्रश्न आहे आणि तिथे फोटोवरून निदान होत नाही.

परात बुडबुडे

परांच्या पातळ पडद्यात किंवा डोळ्याभोवती काचेसारखे पारदर्शक फुगे दिसले तर पाण्यात वायू जास्त विरघळला आहे. बोअरचं पाणी दाबाखालून थेट हौदात आलं की असं होतं, पंपाच्या ओढणीच्या पाइपला बारीक भेग असली तरी होतं. पाणी आधी टाकीत साठवून, उंचावरून धारेने पाडून मग हौदात घ्या. पाइप बदला. औषध नको.

पुन्हा पुन्हा का येतं

बाहेरून काहीतरी आत येतं म्हणून. दुकानांत येणारे बरेच गोल्डफिश पश्चिम बंगालमधून लांबचा प्रवास करून, दाटीवाटीच्या पिशव्यांतून येतात, त्यांच्यावर काही ना काही असायचंच. नवीन मासा चार आठवडे वेगळ्या टबात ठेवल्याशिवाय हौदात सोडू नका. डासांसाठी आणलेले गप्पी मासे, नदीवरून उचललेली जलपर्णी, ओढ्यातले शिंपले यांनाही तोच नियम. वेगळ्या टबाची जाळी आणि बादलीही वेगळी ठेवा.

हाताला चिरा किंवा जखम असेल तर हातमोजे घाला. माशांच्या काही जिवाणूंमुळे, विशेषतः मायकोबॅक्टेरियम मरिनममुळे, माणसाच्या कातडीवर चिवट गाठी येतात.

एवढं करूनही ओळख पटत नसेल तर अंगावरच्या चिकट थराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, विदर्भात नागपूरचं आणि मराठवाड्यात उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय या ठिकाणी माशांच्या आजारांची जाण असलेली माणसं आहेत, आधी फोन करून नमुना घेतात का ते विचारा. शक्यतो आजारी मासा जिवंतच न्या, मोठ्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा भरून. सोबत हौदाच्या पाण्याची वेगळी बाटली, तुमचे फोटो आणि आतापर्यंत टाकलेल्या प्रत्येक औषधाचं नाव व तारीख द्या. मासा वाटेत किंवा घरीच मेला तर ताबडतोब प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये मात्र नको, कारण गोठलेल्या ऊतीत परजीवी ओळखू येत नाहीत.